फोटो गेलेले नसतात, वहीतला पत्ता चुकलेला असतो

मे महिन्यातली दुपार, दोनचा सुमार. तासगावच्या एका फोटोग्राफरचा फोन आला. आवाज पार बसलेला. "ताई, अख्खं लग्न गेलं. लाइटरूम उघडलं तर सगळ्या फोल्डरवर प्रश्नचिन्ह. पार्टीला संध्याकाळी सिलेक्शनला बोलावलंय."

मी विचारलं, "दादा, कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट मारलंत का?"

"परवाच मारलं."

"आणि फोटो कुठे ठेवले होते?"

"कुठे म्हणजे? लाइटरूममध्येच."

मी सांगलीत घरी बसून लाइटरूम नावाच्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर आसपासच्या स्टुडिओंचं एडिटिंग करते. लग्नसराईत असे फोन दर चार-आठ दिवसांनी येतात, आणि दर वेळी हेच उत्तर मिळतं. फोटो लाइटरूममध्ये आहेत. हा समज मनातून गेला की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून हा लेख. धंद्यातल्या माणसांसाठी आहेच, पण कास पठारावर सप्टेंबरात जाऊन दोन हजार फोटो घेऊन येणाऱ्या हौशी माणसाचंही दुखणं हेच असतं.

वही आणि वखार

सांगलीकरांना हे हळदीवरून पटकन कळतं. मार्केट यार्डात सौद्यापुरती पोती पेढीसमोर येतात, बाकीचा माल वखारीत असतो. पेढीवर असते ती वही: कोणाची किती पोती, कोणत्या प्रतीची, कोणत्या वखारीत. पूर्वी हळद हरिपूरच्या पेवांत ठेवत. जमिनीत खोल खणलेली कोठारं, तोंड बंद केलं की आतल्या हळदीला वर्षानुवर्षं कीड लागत नसे. वही सांगलीच्या पेढीवर आणि हळद हरिपुरात जमिनीखाली, असा तो व्यवहार होता.

लाइटरूम क्लासिक हे पेढीसारखं आहे. त्याच्या वहीला 'कॅटलॉग' म्हणतात. कॅटलॉग म्हणजे संगणकावरची एक फाइल. त्यात प्रत्येक फोटोची नोंद असते: मूळ फाइल कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरात, कोणत्या नावाने आहे; तुम्ही उजेड किती वाढवला, रंग किती बदलला, कुठे क्रॉप केलं, किती तारे दिले. मूळ फोटो मात्र त्यात नसतो. तो डिस्कवर जिथे ठेवलाय तिथेच असतो, आणि एडिटिंग केल्यावर त्यातली मूळ प्रतिमा तशीच राहते. वहीत "या फोटोला एवढा उजेड दाखवायचा" एवढंच लिहिलं जातं. तुम्ही एक्सपोर्ट करता तेव्हा सॉफ्टवेअर मूळ फाइल उघडतं, वहीतल्या सूचना तिच्यावर चढवतं आणि नवी जेपेग तयार करून देतं.

आकारातलं अंतर बघा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा माल, साधारण २५ ते ३० एमबीची असते. तीन हजार फोटोंचं लग्न धरलं तर ७५ ते ९० जीबी. कॅटलॉग मात्र हजारो फोटोंचा असला तरी काही जीबींत मावतो. एवढ्याशा वहीत एवढा माल बसणारच नाही.

मग स्क्रीनवर दिसतं ते काय? त्या छोट्या प्रती आहेत, प्रिव्ह्यू. पेढीवर ठेवलेला मूठभर नमुना म्हणा. नमुना दिसतोय म्हणजे वखारीत माल शाबूत आहे, असं धरून चालता येत नाही.

इम्पोर्टच्या खिडकीत वरच चार शब्द असतात

इम्पोर्ट म्हणजे वहीत नोंद करणं. नोंद करताना मालाचं काय करायचं, हे त्या खिडकीच्या माथ्यावर विचारलेलं असतं. घाईत कोणी वाचत नाही. खरं तर सगळं तिथेच ठरतं.

'कॉपी' निवडलं की फोटोंची प्रत तुम्ही सांगाल त्या जागी जाते आणि त्या जागेची नोंद होते. 'ॲड' निवडलं की फोटो आहेत तिथेच राहतात, फक्त नोंद होते. 'मूव्ह' म्हणजे फोटो जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी ठेवणं. चौथा शब्द 'कॉपी ॲज डीएनजी'. कॅमेरा कंपनीच्या रॉ फाइलची डीएनजी नावाच्या सर्वांना खुल्या असलेल्या स्वरूपात प्रत करायची. त्याला वेळ लागतो, आणि लग्नाच्या कामात त्याची गरज मला आजवर पडलेली नाही.

माझा नेम साधा आहे. माल कार्डावर असेल तर 'कॉपी'. माल आधीच डिस्कवर नीट लावलेला असेल तर 'ॲड'. कार्डावरून थेट इम्पोर्ट करताना 'ॲड' आणि 'मूव्ह' चालूच होत नाहीत, ते बरंच आहे. कार्ड उद्या रिकामं होणार, त्याचा पत्ता वहीत लिहून काय उपयोग?

'कॉपी' निवडल्यावर नजर उजवीकडे खाली न्या. तिथे कुठे ठेवायचं ते विचारलेलं असतं. तुम्ही काही सांगितलं नाही तर बहुतेक वेळा फोटो सी ड्राइव्हच्या पिक्चर्स फोल्डरात जातात. दोन-तीन लग्नांत सी ड्राइव्ह भरतो, संगणक रेंगाळायला लागतो, आणि मग माणूस घाईघाईने फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर टाकतो. तासगावच्या दादांसारखी वेळ अनेकांवर अशीच येते.

त्याच कोपऱ्यात आणखी एक खोच आहे. फोटो तारखेप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरांत टाकण्याची सोय तिथे असते. आपल्याकडे हळद एका तारखेला, लग्न दुसऱ्या, पूजा तिसऱ्या. एकाच घरचं काम तीन फोल्डरांत विखुरतं आणि अल्बम डिझायनरला देताना हळदच राहून जाते. मी 'एकाच फोल्डरात' निवडते आणि फोल्डरला वर्ष, महिना, दिवस, घराणं, गाव असं नाव देते. वर्ष पुढे ठेवलं की यादी आपोआप तारखेने लागते.

प्रश्नचिन्ह येतं कुठून

वहीत लिहिलंय, "पोती अमुक वखारीत, तिसऱ्या रांगेत." तुम्ही रात्री हमाल लावून ती दुसऱ्या वखारीत नेली आणि वहीत काही लिहिलं नाही. सकाळी दिवाणजी जुन्या वखारीत जाणार, जागा रिकामी दिसणार. फोल्डरवरचं प्रश्नचिन्ह आणि फोटोच्या कोपऱ्यातलं उद्गारचिन्ह म्हणजे दिवाणजीचा हाच निरोप: वहीतल्या पत्त्यावर माल मिळाला नाही. माल जळाला किंवा बुडाला, असा त्याचा अर्थ होत नाही.

असं घडायची कारणं नेहमीचीच. एक, बाहेरची डिस्क जोडलेलीच नसते. अशा वेळी डिस्कच्या नावाशेजारचा छोटा दिवाही राखाडी दिसतो. डिस्क जोडली की सगळं जागेवर येतं. (हाच दिवा हिरवा असेल तर १० जीबी किंवा अधिक जागा शिल्लक, पिवळा झाला की त्याहून कमी, लाल झाला की एक जीबीही उरलेली नाही.) दोन, तुम्ही लाइटरूमच्या बाहेरून, विंडोजच्या खिडकीतून, फोल्डर हलवलं किंवा त्याचं नाव बदललं.

तिसरं कारण कोणाच्या ध्यानीमनी नसतं: डिस्कचं अक्षर बदललं. विंडोज बाहेरून जोडलेल्या डिस्कला एक अक्षर देतं. काल ती ई होती. आज तिच्या आधी पेन ड्राइव्ह लावला, त्याने ई घेतलं, आणि तुमची डिस्क एफ झाली. वहीत मात्र ई लिहिलेलं. गल्लीत पाटी बदलली म्हणून पोस्टमन पत्र घेऊन परत जावा, तसं होतं.

तासगावच्या दादांचं नेमकं हेच निघालं. मी त्यांना फोनवरच सांगितलं, सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करा, 'फाइंड मिसिंग फोल्डर' म्हणा, आणि एफ ड्राइव्हवरचं तेच फोल्डर दाखवा. काही सेकंदांनी पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग "आलं ताई, आलं." प्रश्नचिन्हं गेली, तीन दिवसांचं एडिटिंग जिथल्या तिथे.

त्यांचं नशीब म्हणजे त्यांनी आधी मला फोन केला. या घबराटीत माणसं दोन गोष्टी करतात आणि दोन्ही महागात पडतात. पहिली, तेच फोटो पुन्हा इम्पोर्ट करणं. वहीत नव्या कोऱ्या नोंदी होतात, त्यांच्यावर एकही एडिट नसतो, आणि एकेका फोटोच्या दोन नोंदी दिसायला लागतात. दुसरी, प्रश्नचिन्हवालं फोल्डर "खराब झालं" म्हणून काढून टाकणं. नोंद गेली की केलेलं कामही गेलं.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून मी तीन सवयी लावून घेतल्या. डिस्कवर एकच मोठं फोल्डर आणि सगळी वर्षं त्याच्या पोटात, म्हणजे पत्ता बदललाच तर एका ठिकाणी दुरुस्ती पुरते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला शेवटाकडचं एक अक्षर कायमचं देणं. माझ्या डिस्का पी, क्यू आणि आर आहेत, तिथवर पेन ड्राइव्ह पोचत नाही. आणि फोल्डर हलवायचंच असेल तर ते लाइटरूमच्या डावीकडच्या यादीतूनच ओढायचं, म्हणजे माल आणि नोंद एकदमच हलतात. मॅकवर अक्षरांची भानगड नाही, तिथे डिस्कचं नाव बघितलं जातं. ते नाव मध्येच बदलू नका.

डिलीट दाबल्यावर येणारा प्रश्नही इथेच सांगते. 'रिमूव्ह' म्हणजे वहीतून नोंद काढा, माल राहू द्या. 'डिलीट फ्रॉम डिस्क' म्हणजे मालही टाकून द्या. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी असतात.

डिस्क कोणती, वायर कोणती

आत तबकडी फिरणारी हार्डडिस्क स्वस्त आणि साठवणीला उत्तम. एसएसडी महाग, पण तिच्यात फिरणारा भाग नसल्याने वेगवान, आणि हातातून पडली तरी बहुधा निभावते. मी कॅटलॉग लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर ठेवते आणि फोटो बाहेर. वही हाताशी हवी, तिची पानं सतत उलटायची असतात. दोन संगणकांवर काम करणाऱ्याने कॅटलॉगही वेगवान बाहेरच्या एसएसडीवर ठेवला तर चालतो. नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवरून मात्र लाइटरूम क्लासिक कॅटलॉग उघडू देत नाही.

वायरकडे कोणी बघत नाही. जुन्या यूएसबी २ च्या भोकात डिस्क लावली तर सेकंदाला ३५-४० एमबी जेमतेम मिळतात. ८० जीबीच्या लग्नाला अर्धा-पाऊण तास. तीच डिस्क यूएसबी ३ ला लावली की बारा-पंधरा मिनिटांत काम उरकतं. लॅपटॉपवर आतून निळं असलेलं भोक बहुतेक वेळा यूएसबी ३ चं असतं.

"एक टीबी म्हणून घेतली आणि ९३१ जीबीच दाखवते, दुकानदाराने फसवलं का?" हाही नेहमीचा प्रश्न. नाही फसवलं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. माल तेवढाच, मापं वेगळी.

विंडोज आणि मॅक दोन्हींवर फिरणारी डिस्क असेल तर ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी, कारण विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरचं मॅक वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅटला मध्येच वायर ओढलेली सोसत नाही. आधी 'इजेक्ट', मग वायर.

डिस्क घरी ठेवून काम करता येतं का?

येतं. इम्पोर्ट करताना 'स्मार्ट प्रिव्ह्यू' नावाची एक खूण असते. ती केली की लाइटरूम प्रत्येक फोटोची लांब बाजू सुमारे अडीच हजार पिक्सेल असलेली हलकी प्रत करून कॅटलॉगशेजारी ठेवतं. डिस्क कपाटात असली तरी या प्रतीवर रंग, उजेड, क्रॉप सगळं करता येतं; डिस्क जोडली की तेच बदल मूळ फोटोला लागू होतात. इस्लामपूरला पार्टीकडे सिलेक्शन दाखवायला मी नुसता लॅपटॉप नेते.

हे सांगताना मला २०१९ चा ऑगस्ट आठवतो. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही तळमजल्यावर राहायचो. निघताना लॅपटॉपची बॅग खांद्याला लावली, पोरांचे कपडे घेतले, आणि दोन डिस्का लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात तशाच राहिल्या. कपाट आहे, कुलूप आहे, एवढाच विचार होता. पाणी उतरल्यावर कप्पा उघडला तर आत गाळ होता, आणि गाळात डिस्का.

लॅपटॉप उघडला तर कॅटलॉग जसाच्या तसा. शेकडो फोल्डर, हजारो छोटे चेहरे, आणि प्रत्येकावर उद्गारचिन्ह. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं होतं तेव्हा व्यापाऱ्यांनी वह्या उघडून काय बघितलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

ज्या ऑर्डरींचे स्मार्ट प्रिव्ह्यू मी केले होते, त्यांचे फोटो त्या हलक्या प्रतींवरून एक्सपोर्ट झाले. सहा बाय चारचे प्रिंट चांगले आले, आठ बाय बाराचेही चालून गेले. एका घरातल्या आजी त्याच पावसाळ्यात गेल्या होत्या. त्यांचा नातसुनेला हळद लावतानाचा फोटो असाच मिळाला. ज्या ऑर्डरींना ती खूण केली नव्हती, त्यांच्या लोकांना मी एकेक करून फोन केले.

"पण कॅटलॉगचा बॅकअप तर होतोच की"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. लाइटरूम बंद करताना बॅकअप घेऊ का असं विचारतं, आपण हो म्हणतो, आणि निश्चिंत होतो. तो बॅकअप वहीचा आहे. दिवाणजीने वहीची नक्कल काढली, वखारीतलं एक पोतंही हललं नाही. वहीचा बॅकअप हवाच, कारण वही बिघडली तर महिन्यांचं काम जातं. मालाची दुसरी प्रत मात्र तुम्हालाच करायची आहे.

इम्पोर्टच्याच खिडकीत 'मेक अ सेकंड कॉपी टू' अशी एक खूण आहे. ती केली की कार्डावरचे फोटो एका दमात दोन डिस्कांवर जातात. पहिल्या दिवसासाठी ही सोय फार चांगली आहे. पण ती दुसरी प्रत जाईल तशीच पडून राहते. तुम्ही नंतर केलेले एडिट किंवा काढून टाकलेले फोटो तिला कळत नाहीत. फोटो दोन डिस्कांवर उघडून बघितल्याशिवाय मी कार्डाला हात लावत नाही.

"बाहेरची डिस्क आहे म्हणजे बॅकअप आहे," असंही लोक म्हणतात. लॅपटॉपवरचे फोटो काढून तिच्यावर ठेवले, तर फोटो अजून एकाच ठिकाणी आहेत. फक्त ठिकाण बदललं. एकच प्रत असेल तर ती कुठेही असली तरी तो बॅकअप नाही.

"मग सगळं क्लाउडवर टाका की"

ज्यांचे फोटो थोडे आहेत त्यांनी जरूर टाकावेत. २०१७ मध्ये लाइटरूमच्या दोन वाटा झाल्या: एक 'क्लासिक', जे आपण आतापर्यंत बघितलं, आणि दुसरं नुसतं लाइटरूम, ज्यात मूळ फोटोच लाइटरूम बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातात. फोनवर फोटो काढणाऱ्याला ते सोयीचं आहे.

लग्नाचं गणित मात्र वेगळं. अपलोडचा वेग २० एमबीपीएस धरला तर ८० जीबी चढायला नऊ तास लागतात, तेही लाइन मध्ये तुटली नाही तर. सराईत एका आठवड्यात चार लग्नं असतात. वर्षाच्या मालाचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं, ते वेगळंच. मी निवडलेले, एडिट केलेले जेपेग क्लाउडवर ठेवते आणि रॉ डिस्कांवर.

"मी लाइटरूम वापरतच नाही"

सॉफ्टवेअर कोणतंही असो, हे पत्त्याचं प्रकरण चुकत नाही. डार्कटेबल फुकट मिळतं. तेही वही ठेवतं, पण प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी चिठ्ठीही आपण होऊन लिहून ठेवतं. कॅप्चर वनमध्ये कॅटलॉग आहे, शिवाय एका शूटपुरतं सगळं एकाच फोल्डरात ठेवणारं 'सेशन'ही आहे. ब्रिज वापरणाऱ्याला वही नाहीच, तो थेट वखारीत हिंडतो.

लाइटरूममध्येही सेटिंगमध्ये जाऊन अशी चिठ्ठी आपोआप लिहायला लावता येते. पोत्यालाच माहितीचं लेबल बांधल्यासारखं. वही गेली तरी त्या फोटोचे एडिट त्या लेबलातून परत मिळतात. कलेक्शन (तुम्ही केलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वहीतल्या जादा नोंदी) मात्र त्यात येत नाहीत, ती फक्त वहीत असतात.

आधीचा पसारा कुठून आवरायचा

पाच डिस्का, त्यातल्या दोन कोणाच्या ते आठवत नाही, पेन ड्राइव्हवर "नवीन फोल्डर ३". सगळ्यांकडे असतं. मागचं आवरायला बसलात तर चालू काम अडेल. आजच्या ऑर्डरीपासून नवी डिस्क, नवी रीत सुरू करा. जुन्या डिस्का एकेक करून जोडा, त्यांच्यावर मार्करने अक्षर आणि वर्षं लिहा, आणि त्यातलं जे खरंच हवं ते लाइटरूमच्या यादीतून ओढून नव्या डिस्कवर आणा. पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा हे होतं.

दुसरी डिस्क मात्र घरात नको. एकाच कपाटात दोन प्रती ठेवल्या तर पाण्याला त्या दोन्ही एकच. माझं माहेर विट्याचं; तिकडे पाऊस कमी आणि जवळ नदी नाही. गणपतीला जाताना क्यू नावाची डिस्क मी सुती पिशवीत घालून नेते आणि तिथली आर घेऊन येते. दिवाळीला उलट. आईच्या कपाटात वरच्या कप्प्यात साड्यांच्या घडीमागे तिची जागा ठरलेली आहे. आईला तिचं नाव माहीत नाही, पण मी पोचले की चहाच्या आधी ती विचारते, "तुझी ती पेटी आणलीस का?"